नोम ते कॉट्सेब्यू, लाल दोऱ्यानं

काका पहिल्या भेटीत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी मला मोजलं.

मी सांगलीहून निघून, तीन विमानं बदलून, दोन बॅगा ओढत अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या त्यांच्या घराच्या पायऱ्या चढले होते. विद्यापीठात शिकायला आलेली मी, आणि तळघरातली खोली भाड्यानं देणारे ते. दार उघडलं, तर समोर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच आणि हातात पोलादी टेप. "भिंतीला टेकून उभी राहा," एवढंच म्हणाले. मी राहिले. पंधरा हजार किलोमीटर आलेल्या माणसाला दुसरं सुचतही नाही.

"पाच फूट तीन इंच," काका म्हणाले. "पत्रात पाच-चार लिहिलं होतं."

तळघरात मोरीशेजारी एक पाइप खाली आला होता, म्हणून त्यांनी पत्रातून माझी उंची मागवली होती. ती मी जरा ताणून कळवली होती, जशी सगळेच कळवतात.

"एक इंच कुठं गेला?"

"काका, मी आत्ता चपला काढल्यात."

त्यांनी खिशातून वही काढली, माझ्या नावापुढे लिहिलं, 'चपलेसह', आणि मगच बाजूला होऊन मला घरात घेतलं. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पाणी तरी द्या तिला. मग रुंदी मोजा."

हे काका मूळचे नागपूरचे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात बोटीनं अमेरिकेला आले, शिकले, आणि डेट्रॉइटजवळच्या मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटले. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि तो पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं रोज आठ तास संशय घेण्याचा पगार मिळत असेल, तर माणूस घरी येऊन अचानक विश्वास कसा ठेवेल? काकू पोळी ताटात वाढायच्या आणि काका खिशातला कॅलिपर काढून तिची कड मोजायचे. "मधे बरी आहे. कडेला जाड." काकूही तयारीच्या. "नापास असेल तर परत द्या," म्हणत पोळी उचलायला लागायच्या. मग पोळी लगेच पास व्हायची.

'बरोबर' हा शब्द काकांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "बरोबर असं काही नसते, पोरी," ते म्हणायचे. "चूक सापडली नाही, एवढंच म्हणायचं. सापडली नाही म्हणजे नाही असं नाही. कोण शोधून राहिलं होतं, किती वेळ, आणि शुक्रवार होता का, ते पाहायचं."

शुक्रवारवर त्यांचा फार राग. शुक्रवारी दुपारी, शिफ्ट सुटायच्या आधीच्या तासात, थकलेला माणूस काय काय पास करतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून तर काका कधी विमानात बसले नाहीत. एकदाही नाही. काकू दर तीन वर्षांनी एकट्या नागपूरला जाऊन यायच्या. "त्या विमानात हजारो बोल्ट असतात," काका म्हणायचे, "त्यातला शुक्रवारचा कोणता, ते सांगा. मी लगेच बसतो."

आणि याच माणसाला अमेरिकेतल्या झाडून साऱ्या विमानांच्या वेळा पाठ होत्या! विमान कंपन्या वेळापत्रकाच्या छोट्या पुस्तिका फुकट वाटत. काका त्या ट्रॅव्हल एजंटाकडून पिशवी भरून आणत आणि पोथीसारख्या वाचत. वाचता वाचता पेन्सिलीनं समासात लिहीत, 'शंका', 'शंका', 'घोर शंका'.

मराठी मंडळात त्यांची सगळे टर उडवायचे. एका डॉक्टरीणबाईंनी हळदीकुंकवाच्या निमंत्रणात 'हायवेपासून दोन मैल' असं लिहिलं, तर काका आदल्या दिवशी गाडीनं जाऊन आले आणि त्यांना फोन केला, "वहिनी, दोन पूर्णांक चार आहे. लोक तुमच्या शेजाऱ्याकडे जाऊन राहतील." त्या दिवशी तीन बायका खरोखरच शेजाऱ्याकडे नटूनथटून पोचल्या. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा रस्ता काकांनी लिहायचा असं ठरलं. हसणारे हसत राहिले, पण चुकलं मात्र पुन्हा कुणी नाही.

माझीही त्यातून सुटका नव्हती. काका सकाळच्या शिफ्टला जात आणि तीनपर्यंत घरी येऊन खिडकीत बसत. माझा तास सुटायचा तीनला, बस तीन-दहाची, बसला सोळा मिनिटं, थांब्यापासून घर चार मिनिटं. म्हणजे साडेतीनला मी दारात हवी. मी यायची तीन-छत्तीसला.

"सहा मिनिटं," स्टॉपवॉचकडे बघत काका म्हणायचे.

"बसला उशीर झाला, काका."

"बस वेळेवर होती. खिडकीतून मला कोपरा दिसते."

खरी गोष्ट अशी की त्या कोपऱ्यावर एक दुकान होतं आणि तिथं एक हॉट डॉग मिळायचा. त्यात काय असतं हे सांगलीला कळलं असतं तर मला परतीचं तिकीट आलं असतं. तो उभ्या उभ्या खाऊन, तोंड पुसून, बडीशेप चावत घरी यायला मला बरोबर सहा मिनिटं लागत. रोज मी नवं कारण द्यायची आणि रोज काका वहीत काहीतरी लिहायचे. काय लिहायचे ते मला कधीच कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. काकांची एकुलती एक मुलगी, मेधा, इथंच जन्मलेली, त्या वेळी पंचविशीची. तिनं शिक्षण घेतलं लहान मुलांचे कान तपासण्याचं आणि नोकरी धरली थेट अलास्कात, तीही त्याच्या पार वरच्या टोकाला. पश्चिम किनाऱ्यावर नोम नावाचं गाव आहे, आणि तिथून वर, आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं की कॉट्सेब्यू. दोन्हीकडे बाहेरून जाणारा रस्ताच नाही. जायचं ते विमानानं. मेधा दर महिन्याला नोमच्या शाळा आटोपून, कानात बघायची यंत्रं घेऊन, छोट्या विमानानं कॉट्सेब्यूला जायची. दर रविवारी दुपारी फोन स्वस्त असताना तिचा फोन यायचा. काका दिवाणखान्यातला फोन घ्यायचे, काकू स्वयंपाकघरातला.

दिवाणखान्यात काकांनी जगाचा भलामोठा नकाशा लावला होता. नोमवर एक टाचणी, कॉट्सेब्यूवर एक, आणि दोन्हींच्या मधे काकूंच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. ते रीळ टाचणीला लोंबकळतच असायचं. काकू येता-जाता म्हणायच्या, "माझं रीळ कधी मिळणार? ब्लाऊजला हुक लावायचाय." काका म्हणायचे, "काम चालू आहे."

काम असं होतं. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं, नोम ते कॉट्सेब्यू, मोठ्या जेट विमानानं पन्नास मिनिटं. काकांना ते मान्य नव्हतं. त्यांनी अंतर स्वतः मोजलं. कुठलंही माप वापरण्याआधी ते खात्रीच्या वस्तूला लावून बघायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. जगात त्यांना पूर्ण खात्रीचं असं एकच अंतर ठाऊक होतं, ते म्हणजे नागपूर ते मुंबई. वडील रेल्वेत होते, लहानपणी सगळी स्टेशनं मैलांसकट पाठ केलेली. रुळांची वळणं वजा करून त्यांनी नकाशावर नागपूर-मुंबई दोरा धरला, त्यावरून दर इंचाला किती मैल ते काढलं आणि तोच दोरा वर नोमला नेऊन लावला.

"चारशे वीस मैल!" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हे सुनावलं. "आणि कंपनी म्हणते, चढणं-उतरणं धरून पन्नास मिनिटं. हे विमान आहे की बंदुकीची गोळी?"

"आकडाच बघा ना," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चारशे वीस."

"तेच तर सांगून राहिलो. लबाड कंपनी आहे. पोरगी माझी खरं बोलते. तिचं विमान लहान, तासाला शंभरच्या जरासं वर जाते. नोमहून दहाला निघते, दोनला पोचते. चार तास. मोज, चारशे वीसला चार तास. बसते का नाही?"

बसत होतं. अगदी घट्ट बसत होतं. मुलगी खरी आणि कंपनी खोटी, हा निकाल देऊन काका सुखानं झोपत. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या त्या माणसानं एक जागा संशयाविना ठेवली होती, आणि तिचा पुरावा लाल दोऱ्यानं भिंतीवर टांगलेला होता.

मग माझ्यातला शहाणपणा जागा झाला.

एका शनिवारी कुणाच्या तरी गराज सेलमध्ये, जुन्या सामानाच्या विक्रीत, मला शाळेतला पृथ्वीचा गोल मिळाला. ऑस्ट्रेलियाला जरा पोचा आलेला, बाकी ठणठणीत. मी तो काखेत मारून घरी आणला आणि मोठ्या थाटात दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवला. काकांना हरवायचं होतं मला! सहा मिनिटांचा सूड उगवायचा होता.

"काका, तुमचा नकाशा खोटा आहे," मी म्हणाले.

असा संशय दुसऱ्या कुणी घेतलेला त्यांनी प्रथमच ऐकला असावा. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आदर उमटला.

मी हातवारे करून समजावलं. पृथ्वी गोल, भिंत सपाट. गोल वस्तूचं कातडं भिंतीवर बसवायचं तर उत्तरेकडे ते ओढून ओढून मोठं करावं लागतं. नागपूर खाली, तिथं ताण कमी. नोम पार वर, तिथं एक मैल दोन-अडीच मैलांएवढा दिसतो. तुम्ही विदर्भाच्या मापानं अलास्का मोजलात. बघा ना, ग्रीनलंड या नकाशावर भारताच्या कितीपट दिसतंय!

"ते मी कधीच पाहिलं होतं," काका पुटपुटले. "मला वाटलं, ते यांचं राजकारण आहे."

मग त्यांनी गोल तपासला. पोच्यावरून बोट फिरवलं. "ऑस्ट्रेलिया गेला कामातून. उत्तरेला चालेल." पुन्हा नागपूर-मुंबई. पुन्हा लाल दोरा, या वेळी नखाएवढा. कॅलिपर लावला, भिंगातून आकडा वाचला, नोमला नेला, परत वाचला. तीनदा मोजून खुर्चीत बसले.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "कंपनी खरं बोलते."

कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले. मी अजून जिंकल्याच्या आनंदात होते. टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं होतं. काकांनी पेन्सिल उचलली आणि वहीत एक भागाकार केला. लहान विमान, एकशे ऐंशी मैल. पावणेदोन तास. चारातून पावणेदोन गेले.

"सव्वादोन तास," काका म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चारशे वीस मैल होते तोवर मुलगी खरी होती. मी पृथ्वी गोल केली आणि तिला खोटं पाडलं.

"टाइम झोन असेल, काका," मी घाईघाईनं म्हणाले.

"दोन्ही गावांचं घड्याळ एकच. मी ते आधीच तपासलं आहे." त्यांनी वही मिटली. "सव्वादोन तास ही पोरगी असते कुठं?"

काकू मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "कशाला गं आणलास तो चेंडू? या घरात पृथ्वी सपाट होती तेव्हा सुख होतं."

पुढच्या रविवारी फोन आला. काकूंनी स्वयंपाकघरातला रिसीव्हर आमच्या दोघींच्या कानांमधे धरला. समोर मटार सोलायला घेतले होते.

"हाय बाबा! आई आहे ना लाइनवर?"

"आहे. मंगळवारी नोमहून किती वाजता निघालीस?"

"दहा. बाबा, ऑलवेज दहा."

"पोचलीस?"

"दोन."

"अंतर एकशे ऐंशी मैल आहे."

"हू टोल्ड यू दॅट?"

"पृथ्वीनं."

"ओह बाबा. विंड असतो इथे. खूप विंड. समोरून आला की प्लेन स्लो होतं."

"वाऱ्यानं सव्वादोन तास जात नाहीत. वाऱ्याला मी ओळखतो. तू वाऱ्यावर ढकलू नको."

"आय हॅव टू गो," म्हणून तिनं फोन ठेवला. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. काका रिसीव्हर हातात धरून तसेच उभे होते. एरवी ते कॉल किती मिनिटांचा झाला ते लिहीत. त्या दिवशी लिहिलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. काका चौकशी करत नव्हते, आरडाओरडा करत नव्हते, पोळ्याही मोजत नव्हते. जेवताना मधेच म्हणायचे, "एखाद्या पोरानं फसवलं नसेल ना?" मग म्हणायचे, "आजारी असेल. दवाखान्यात जात असेल. सांगत नसेल." आणि शेवटी, "विमान मधे बंद पडत असेल. डबडं ते. दर वेळी कुठंतरी उतरवून दुरुस्त करत असतील, आणि माझी पोरगी त्यात बसून राहत असेल." एका संशयाची तीन पिल्लं झाली होती आणि तिसरं सगळ्यात मोठं होतं.

याच आठवड्यात मला आणखी एक शंका आली, पण ती काकूंबद्दल. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काकू मुलीला खाऊचा डबा पाठवत. काका पोस्टात जायच्या आधी पार्सलचं वजन करून वहीत लिहीत, कारण पोस्टाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी बघितलं तर काकू एक नाही, दोन डबे भरत होत्या. दोन्हींत शंकरपाळे, शेव आणि बेसनाचे लाडू.

"दोन कशाला, काकू?"

"एक तिच्या ऑफिसातल्या लोकांना," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तू मटार सोल."

मटार त्या दिवशी नव्हतेच.

गुरुवारी मी घरी आले तर खिडकीत काका नव्हते. गराजमध्ये गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर केलेल्या, आणि आत पट्टा आवळून काका ताठ बसलेले. डोळे मिटलेले. हातात स्टॉपवॉच. मी काच वाजवणार तेवढ्यात मागून काकूंनी माझा हात धरला. "नको. अजून बारा मिनिटं आहेत."

"कशाची?"

"सुरुवातीला पन्नास मिनिटं बसता येतं का ते बघतायत."

बारा मिनिटांनी काका बाहेर आले. शर्ट घामानं भिजला होता. "जमते," एवढंच म्हणाले.

रविवारी फोन वाजला. या वेळी काकांनी ना हाय ऐकलं, ना हॅलो. पुस्तिका उघडी, त्यावर पेन्सिलीचं वर्तुळ. "मी येऊन राहिलो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात. नोमपर्यंत जेटनं येतो. पुढे तुझ्याबरोबर तुझ्या त्या विमानात बसतो. घड्याळ माझं."

काकूंच्या मांडीवरची पाटी उलटली आणि मटार सगळ्या स्वयंपाकघरात पळाले. तीस वर्षं ज्यानं विमानाच्या दारात पाय ठेवला नाही, तो माणूस अलास्काला निघाला होता. तिच्यावर पाळत ठेवायला असं तो म्हणत होता. पण शुक्रवारचा बोल्ट कुठं आहे ते बघायला तो निघाला होता, हे फोनच्या दोन्ही टोकांना कळलं.

"बाबा, डोन्ट कम," मेधा म्हणाली. "प्लीज. सांगते. त्या प्लेनमध्ये मी पॅसेंजर नसते. मी शिकतेय. विमान मी चालवते."

दिवाणखान्यातून फक्त एक बारीक टक् ऐकू आलं. काकांनी सवयीनं स्टॉपवॉच दाबलं होतं. नंतर मी ते पाहिलं. ते सदतीस सेकंद गप्प होते.

"बाबा? आर यू देअर?"

"इंजिन कोणी तपासलं?"

"मेकॅनिक असतो ना..."

"तो सोड. कोणी तपासलं?"

"मी," ती म्हणाली. "दर वेळी, निघायच्या आधी. हातात लिस्ट घेऊन. ऑइल बघते, फ्युएलमध्ये पाणी आहे का बघते, प्रॉपेलरच्या कडेवरून बोट फिरवते. सगळे हसतात मला. बाकीचे पाच मिनिटांत करतात, मला पंधरा लागतात. मागे एकदा मी निघालेच नाही, बाबा. एका बोल्टची वायर नव्हती. बोल्ट फिरू नये म्हणून एक वायर असते, ती. इन्स्ट्रक्टर म्हणाला, इट्स प्रॉबब्ली फाइन. मी म्हटलं, 'प्रॉबब्ली' इज नॉट अ मेजरमेंट."

काका हळूच खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

"कोणता बोल्ट?" ते म्हणाले.

आणि त्यानंतर पाऊण तास बापलेक त्या एका बोल्टबद्दल बोलत होते. त्याचा आटा, त्याची वायर, वायर कोणत्या दिशेनं पिळायची, पिळताना किती फेरे. स्वस्त दराची वेळ कधीच संपून गेली. काकू जमिनीवर बसून मटार गोळा करता करता डोळे पुसत होत्या आणि मला सांगत होत्या, "मला दुसऱ्या डब्याचं माहीत होतं गं. विमानाचं देवाशपथ नव्हतं."

तो दुसरा डबा नेमका कुणाचा, ते मला तेव्हाही विचारवलं नाही.

फोन ठेवल्यावर काकांनी वही उघडली. मी खांद्यावरून बघत होते. पावणेदोन तास उड्डाण. मधल्या एका खेड्यातल्या खडीच्या धावपट्टीवर उतरायचा आणि चढायचा सराव, एक तास. निघताना आणि त्या खेड्यातून पुन्हा निघताना तपासणी, पंधरा आणि पंधरा, अर्धा तास. बेरीज सव्वातीन.

मला राहवेना. सूड अजून पुरता गेला नव्हता, शिवाय इतके दिवस त्या घरात राहून मलाही रोग लागलाच होता. "काका," मी म्हणाले, "अजून पंचेचाळीस मिनिटं उरतात."

काकांनी आकड्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी तो गोल करून खाली 'घोर शंका' लिहिलं असतं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"वारा असेल," ते म्हणाले.

"पंचेचाळीस मिनिटांचा? वाऱ्याला तुम्ही ओळखता ना?"

"नागपूरच्या ओळखतो. उत्तरेकडचा वारा तुला काय ठाऊक, अन् मला काय ठाऊक?"

मग ते उठले, नकाशावरच्या दोन्ही टाचण्या काढल्या, लाल दोरा हळूहळू रिळावर गुंडाळला, आणि स्वयंपाकघरात जाऊन ते रीळ काकूंच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं. "तुझा हुक राहिला होता," म्हणाले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पार्सल काट्यावर चढलं. काकू पदराला हात पुसत उभ्या. पुसायला हाताला काही नव्हतं. काकांनी वजन वाचलं, वही उघडली, आणि या वेळी त्यांनी मला पान बघू दिलं, की मीच बघितलं, आता आठवत नाही. रकान्यात ओळीनं चार पौंड, चार पौंड, चार पौंड. आणि गेल्या ऑक्टोबरपासून, आठ. आठ, आठ, आठ, आठ. पुढे कुठेही 'शंका' नाही. रेघही नाही. गोल पृथ्वी आणायच्या कितीतरी आधीपासून दुसरा डबा त्यांच्या वहीत येऊन बसला होता आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

त्यांनी आठ लिहिलं, पार्सलला सुतळीची गाठ मारली आणि काकूंना म्हणाले, "पुढच्या वेळी लाडू जास्त घाल. तिकडं थंडी असते. दोघांना पुरत नसतील."

काकूंनी फक्त "बरं" म्हटलं.

मी आता अमेरिकेतच, पार्सिपनी नावाच्या गावात राहते. नवरा किराणा आणायला गेला की मी घड्याळ बघते, आणि तो वीस मिनिटं उशिरा आला की मला ती वीस मिनिटं कुठंतरी उभी राहून काहीतरी खाताना दिसतात. विचारावंसं वाटतं. बहुतेक वेळा मी विचारत नाही, आणि याचं श्रेय त्या पार्सलनंतरच्या सोमवारला जातं.

त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे तीन-छत्तीसला दारात पोचले. तोंडात बडीशेप, ओठाच्या कोपऱ्यात मोहरीचा पिवळा ठिपका, तो मला नंतर आरशात दिसला. काका खिडकीतून उठून दाराशी आले. गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ठिपका त्यांना दिसला असणारच. एक सहस्रांश इंचाची चूक पकडणारे डोळे होते ते.

मी नवं कारण शोधत तोंड उघडलं.

"वारा होता का?" काका म्हणाले.

"हो, काका," मी म्हणाले. "समोरूनच होता."

त्यांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि दारातून बाजूला झाले.